‘लेडीज व्हर्सेस रिकी बहल’ : तीन शहरांत फसलेल्या तिघी आणि निपाणीच्या लखोबाची आठवण

गलोंडा (सिल्वासा) : प्रेमाचं नाटक करून मुलींना गंडा घालणारा एक देखणा भामटा, त्याने फसवलेल्या तिघी आणि त्या तिघींनी मिळून त्याच्यावर उलटवलेला डाव. ‘लेडीज व्हर्सेस रिकी बहल’ या २०११ सालच्या हिंदी चित्रपटाची गोष्ट एवढीच. टीव्हीवर लागला की घरातले सगळे बसून पाहतात, हसतात आणि सोडून देतात. पण मराठी माणसाला या गोष्टीत एक जुनी ओळख लागते. नाव बदलून, भाषा बदलून, गाव बदलून बायकांना फसवणारा असा इसम मराठी रंगभूमीने १९६२ सालीच कोर्टात उभा केला होता. त्याचं नाव लखोबा लोखंडे, राहणार निपाणी.

चित्रपटाची माहिती, त्यातला फसवणुकीचा हिशेब, मराठीतलं त्याचं नातं आणि आजचा कायदा, असं सगळं एका ठिकाणी देत आहोत. दोन-तीन राज्यांच्या हद्दी रोज ओलांडणाऱ्या वाचकांना त्याचा उपयोग व्हावा.

चित्रपट एका नजरेत

प्रदर्शन : ९ डिसेंबर २०११
निर्मिती : यशराज फिल्म्स (निर्माते आदित्य चोप्रा)
दिग्दर्शक : मनीष शर्मा
पटकथा : देविका भगत
संगीत : सलीम-सुलेमान
गीते : अमिताभ भट्टाचार्य
कलाकार : रणवीर सिंग, अनुष्का शर्मा, परिणीती चोप्रा, दीपान्निता शर्मा, अदिती शर्मा

मनीष शर्मा यांचा हा दुसरा चित्रपट. त्याआधी बरोबर वर्षभर, डिसेंबर २०१० मध्ये, त्यांचा ‘बँड बाजा बारात’ आला होता आणि त्यातही रणवीर-अनुष्का हीच जोडी होती. परिणीती चोप्राचा हा पहिला चित्रपट. दिल्लीच्या बडबड्या, लाडावलेल्या डिंपलच्या भूमिकेसाठी तिला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

कथा काय आहे?

दिल्लीत डिंपल चड्ढाच्या आयुष्यात सनी नावाचा तरुण येतो. तिच्याशी प्रेम, घरच्यांशी गोडीगुलाबी, आणि मग एका घराच्या व्यवहारात तिच्या वडिलांचे पैसे घेऊन हा पसार. मुंबईत रैना पारुळेकर ही मोठ्या कंपनीतली, कामात हुशार बाई. तिच्याकडे तोच माणूस देवेन बनून जातो आणि एम. एफ. हुसेन यांचं म्हणून एक नकली चित्र तिच्या गळ्यात मारतो. लखनौची सायरा ही तरुण विधवा, स्वभावाने भिडस्त. तिच्यासाठी तो इक्बाल होतो. तिचेही पैसे जातात.

तीन शहरं, तीन नावं, तीन वेगळे स्वभाव. बाईला जे हवं ते रूप तो घेतो. डिंपलसमोर मस्तीखोर, रैनासमोर धंद्यातला जाणकार, सायरासमोर आधार देणारा.

गोष्ट वळते ती रैनामुळे. आपण फसलो हे ती लपवत नाही, टीव्हीवर उघड बोलते. ते पाहून बाकीच्या दोघींना कळतं की आपला सनी, आपला इक्बाल आणि हिचा देवेन एकच. तिघी एकत्र येतात आणि इशिका देसाई या बोलण्यात पटाईत असलेल्या सेल्सगर्लला पैसे देऊन कामाला लावतात. भामटा आता गोव्यात आहे, विक्रम नावाने. इशिका श्रीमंत घरची मुलगी बनून त्याच्यासमोर जाते. फसवणाऱ्याला फसवायचं आणि गेलेले पैसे परत काढायचे, हा बेत. मग व्हायचं तेच होतं. दोघंही खोटं बोलता बोलता एकमेकांत खरोखर गुंततात. शेवट गोड आहे. पैसे परत येतात आणि भामटा सुधारतो.

तीन मुलींनी चौथीला पुढे करून सूड घेण्याची कल्पना ‘जॉन टकर मस्ट डाय’ या २००६ सालच्या अमेरिकी चित्रपटातही होती. हिंदीत याच घरातले आणखी दोन चित्रपट म्हणजे २००५ चा ‘बंटी और बबली’ आणि २०१५ चा ‘डॉली की डोली’. डॉलीमध्ये फासा उलटा पडतो. तिथे सोनम कपूरची नवरी लग्न लावून सासरचा ऐवज घेऊन पळते आणि नवरे मागे रडत बसतात. म्हणजे फसवणारा पुरुषच असतो असं नाही.

फसवणुकीचा हिशेब

चित्रपट विनोदी असला तरी त्यातली रीत खरी आहे. दुकानदारीची भाषा वापरायची तर हा उधारीवरचा धंदा आहे. भामटा आधी स्वतः गुंतवणूक करतो. वेळ देतो, भेटवस्तू देतो, घरच्यांची कामं करतो. समोरच्याच्या मनात त्याची पत तयार होते. मग तो एखादी संधी किंवा अडचण पुढे करतो : स्वस्तात मिळणारी जागा, हातचा जाणारा सौदा, अचानक आलेलं संकट. त्याला घाई असते आणि ‘सध्या कुणाला सांगू नकोस’ ही अट असते. पैसे हातात पडले की खातं बंद.

या धंद्यात त्याचं भांडवल दोन गोष्टींचं. एक, फसलेली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. दोन, फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. दिल्लीची डिंपल लखनौच्या सायराला कधी भेटणार? आणि सायरासारखी विधवा ‘मी एका परक्या माणसावर भुलले’ हे कुणाला सांगणार? या दोन गोष्टी जोवर टिकतात तोवर तो चौथ्या गावी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू शकतो. रैनाने तोंड उघडलं आणि त्याचं दोन्ही भांडवल एका दिवसात बुडालं.

लखोबा लोखंडे, राहणार निपाणी

आचार्य अत्रे यांनी नेमकं हेच ‘तो मी नव्हेच’ मध्ये आधी दाखवून ठेवलं होतं. बायकांना लग्नाच्या आमिषाने फसवणाऱ्या एका इसमाच्या गाजलेल्या खऱ्या खटल्यावरून त्यांना हे नाटक सुचलं. मो. ग. रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतनने ते रंगमंचावर आणलं. पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. कोर्टातून एकदम एखाद्या घरात, तिथून परत कोर्टात असे प्रवेश भराभर बदलावेत म्हणून फिरता रंगमंच वापरला, आणि तो त्या काळी लोकांच्या चर्चेचा विषय झाला.

प्रभाकर पणशीकर यांनी त्यात एकाच माणसाची पाच रूपं उभी केली. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा, सुशिक्षित दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज अशी ती रूपं. प्रत्येकाचा वेष वेगळा, बोलण्याची ढब वेगळी. पणशीकरांनी या नाटकाचे हजारो प्रयोग केले. १३ जानेवारी २०११ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस पडद्यावर रिकी बहल आला.

अत्र्यांचा लखोबा निपाणीचा आहे, हे सीमाभागातल्या वाचकाच्या लगेच लक्षात येईल. निपाणी आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, पण महाराष्ट्राच्या अगदी कडेला. बाजारात दोन भाषा सहज चालतात. अशा ठिकाणच्या माणसाला दोन्हीकडचं बोलणं येतं, दोन्हीकडची माणसं ओळखता येतात. चांगल्या माणसाच्या हाती हे कौशल्य असेल तर त्याचा व्यापार चालतो. लखोबाच्या हाती ते आलं आणि त्याने संसार उद्ध्वस्त केले.

नाटकात तो कोर्टातही हटत नाही. साक्षीदारांना तोच उलटसुलट प्रश्न विचारतो. त्याच्या हजरजबाबीपणावर प्रेक्षागृह हसतं. पण एकेक बाई साक्षीला उभी राहते, आपलं काय झालं ते सांगते आणि हसू हळूहळू ओसरतं. चित्रपटात तिघी एका खोलीत बसतात, नाटकात त्या एका कोर्टात येतात. भामटा तिथेच अडकतो, कारण त्याची सगळी नावं पहिल्यांदा एका छपराखाली येतात.

या पात्राचा ठसा असा की लग्नाच्या नावाने अनेकींना फसवणारा कुणी पकडला गेला तर मराठी वर्तमानपत्रं आजही मथळ्यात ‘आधुनिक लखोबा’ लिहितात. रिकी बहलचं तसं झालं नाही. तो गोड होता, सुधारला आणि विसरला गेला.

हसू कुठवर?

मराठीत बनवाबनवीचा विनोद काही कमी नाही. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’ मध्ये चार मित्रांना पुण्यात जागा हवी असते. जागा फक्त जोडप्यांना मिळणार, म्हणून दोघं बायका होतात. तिथे खोटं बोललं जातं ते डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून. कुणाची जमापुंजी बुडत नाही, कुणाचं लग्न मोडत नाही. म्हणून ते हसू निर्मळ राहतं.

रिकी बहलच्या गोष्टीत मात्र पैसे जातात आणि त्याहून जास्त म्हणजे विश्वास जातो. चित्रपटाला हलकंफुलकं राहायचं असल्याने तो सायराच्या दुःखाजवळ फार थांबत नाही. पैसे परत आले की हिशेब मिटला असं मानतो. प्रत्यक्षात पैसे क्वचितच पूर्ण परत येतात, आणि ‘तुला कळलं कसं नाही?’ हा घरच्यांचा प्रश्न त्या मुलीला पुढे कित्येक वर्षं ऐकावा लागतो. फसवणारा गाव सोडून जातो आणि नाव खराब होतं ते फसलेलीचं. पुढची मुलगी गप्प बसते ती याच भीतीने.

सीमेवर हा विषय वेगळा का?

दादरा नगर हवेलीच्या एका बाजूला गुजरातचा वलसाड जिल्हा, दुसरीकडे महाराष्ट्राचा पालघर. गलोंडा, सिल्वासा (आपल्या बोलण्यातलं सेलवास), वापी, तलासरी हा रोजचा वावर आहे. कामाला एका राज्यात, मुक्काम दुसऱ्यात, सोयरीक तिसरीकडे, असं इथे सहज चालतं. वारली, कोकणा, धोडिया या समाजांची नातीगोती तर या हद्दी आखण्याच्या आधीपासूनची आहेत.

त्यात कारखाने आले तशी बाहेरची माणसं आली. जनगणनेनुसार २००१ साली दादरा नगर हवेलीची लोकसंख्या २ लाख २० हजार होती, २०११ ला ती ३ लाख ४३ हजारांवर गेली. त्यातले बहुतेक जण पोट भरायला आलेले सरळ लोक आहेत. पण एक गोष्ट बदलली. पूर्वी सोयरीक जुळवताना ‘अमक्याच्या वाडीतला, तमक्याचा भाचा’ एवढ्यावर माणूस कळायचा. आता चाळीत शेजारी राहणाऱ्याचं मूळ गाव हजार किलोमीटरवर असतं. तो जे नाव सांगेल तेच त्याचं नाव.

हद्दीची दुसरी अडचण तक्रारीची. घटना एका राज्यात, पैसे दुसऱ्या राज्यातल्या खात्यात, आरोपी तिसरीकडे. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकावं लागेल म्हणून माणूस पोलीस ठाण्याची पायरीच चढत नाही. त्यासाठी कायदा माहीत असलेला बरा.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात. नव्या संहितेतली या विषयाची मुख्य कलमं अशी :

– कलम ३१८ : फसवणूक. फसवून पैसे किंवा मालमत्ता घेतल्यास ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुनं प्रसिद्ध ‘चारसोवीस’ ते हेच.
– कलम ३१९ : दुसऱ्याच कुणाचं नाव सांगून केलेली फसवणूक. ५ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.
– कलम ८१ : कायदेशीर लग्न झालं आहे असा खोटा समज करून देऊन बाईसोबत संसार करणं. १० वर्षांपर्यंत कैद.
– कलम ८२ : पती किंवा पत्नी हयात असताना दुसरं लग्न, जिथे कायद्याने ते चालत नाही. ७ वर्षांपर्यंत कैद. पहिलं लग्न लपवून केलं असेल तर १० वर्षांपर्यंत.
– कलम ८३ : कायदेशीर लग्न होत नाही हे माहीत असूनही कपटाने लग्नाचा विधी करणं. ७ वर्षांपर्यंत कैद.
– कलम ६९ : पाळायचंच नाही असं लग्नाचं वचन देऊन किंवा कपटाने शरीरसंबंध ठेवणं. १० वर्षांपर्यंत कैद. खरी ओळख लपवून लग्न करणं हेही यात कपट धरलं आहे.

इथे एक खुलासा. मोडलेलं प्रत्येक प्रेम हा गुन्हा होत नाही. वचन देतानाच ते पाळायचा इरादा नव्हता का, हे पाहावं लागतं. नंतर परिस्थितीमुळे लग्न झालं नाही तर ती वेगळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे.

हद्दीचं काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ती नोंदवून पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. खबर ऑनलाइनही देता येते, पण ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. पत्राने, फोनने किंवा मेसेज पाठवून केलेल्या फसवणुकीचा खटला, मेसेज जिथून पाठवला तिथे किंवा जिथे मिळाला तिथे चालू शकतो. म्हणजे गलोंड्यात बसून मोबाइलवर फसलेल्या मुलीला दिल्ली गाठायची गरज नाही. दादरा नगर हवेलीवर उच्च न्यायालय म्हणून अधिकार मुंबई उच्च न्यायालयाचा आहे.

सोयरीक जुळवताना

सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्व लग्नांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तारीख नेमकी प्रेमदिनाची आहे. महाराष्ट्रात लग्न नोंदणीचा कायदा १९९८ चा, गुजरातचा २००६ चा. नोंदणीचा दाखला हा फसवणुकीवरचा सगळ्यात स्वस्त विमा समजावा. ‘मंदिरात हार घातले, कागद नंतर करू’ असं म्हणणाऱ्याला कागद आताच का नको, हे विचारावं.

विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांसाठीही केंद्र सरकारने २०१६ मध्ये सूचना काढल्या. नाव नोंदवणाऱ्याची ओळखपत्रं घ्यावीत आणि इथे येण्याचा हेतू लग्नाचाच आहे हे त्याच्याकडून कबूल करून घ्यावं, असं त्यात आहे. तरीही संकेतस्थळावर फोटो दिसला म्हणजे माणसाची खात्री झाली असं समजू नये. जुन्या पद्धतीने चार गोष्टी पाहिलेल्या बऱ्या :

१. त्याच्या मूळ गावी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन यावं. फोनवर ‘काका’ कुणीही होऊ शकतं.
२. नोकरी सांगितली असेल तर त्या ठिकाणी चौकशी करावी. ओळखपत्राच्या फोटोवर भरवसा ठेवू नये.
३. लग्नाआधी पैशाची मागणी झाली, मग कारण दवाखान्याचं असो की जागेचं, तर घरातल्या दोघांना तरी सांगावं.
४. पैसे द्यायचेच असतील तर बँकेतून द्यावेत आणि त्याच्याच नावाच्या खात्यात. रोख दिलेल्याचा पुरावा राहत नाही.

फसवणूक झालीच तर

मेसेज, फोटो, फोन नंबर, बँकेच्या पावत्या यांतलं काहीही पुसू नये. रागाच्या भरात सगळं डिलीट करणारे पुष्कळ असतात आणि त्याचा फायदा फसवणाऱ्यालाच होतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. दोन, चार, दहा दिवस उशीर झाला म्हणून तक्रार करायचीच नाही, असं करू नये.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट. मुलगी किंवा मुलगा येऊन सांगेल तेव्हा पहिला प्रश्न ‘तुला कळलं कसं नाही?’ हा नसावा. ‘किती गेले, कुठल्या खात्यात गेले, चल आधी तक्रार करू,’ एवढंच म्हणावं. दिल्लीच्या डिंपलला आणि लखनौच्या सायराला आपला माणूस कोण होता हे कळलं, कारण मुंबईची एक पारुळेकर गप्प बसली नाही. निपाणीचा लखोबाही अडकला तो साक्षीला उभ्या राहिलेल्या बायकांमुळेच. चित्रपट पुन्हा लागला तर जरूर पाहावा, पोटभर हसावं. फक्त रैना टीव्हीवर बोलते तो प्रसंग आला की घरातल्या मुलांना हाक मारून शेजारी बसवावं.